घरी फोटो प्रिंट करताना रंग जसेच्या तसे येतात का कुणाचे?

अनघा_एम

नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर आईचं सहस्रचंद्रदर्शन आहे. त्यानिमित्त जुने-नवे फोटो घरीच छापून अल्बम करायचा असं आम्हा भावंडांत ठरलं आणि त्यासाठी सहा शायांचा इंकटँक प्रिंटर घेतला. शाई प्रिंटरसोबत आलेलीच, कागदही त्याच कंपनीचा ग्लॉसी. म्हणजे सामानात कुठे काटकसर नाही.

तरी रंग काही जुळेनात. एक तर सगळंच गडद येतं, त्यातही घरातले, संध्याकाळचे फोटो जास्त. दुसरं, चेहरे तांबूस येतात. आणि कहर म्हणजे आईची रॉयल ब्लू पैठणी चक्क जांभळी आली! प्रिंट हातात घेऊन आई म्हणाली, "साडी चांगली आहे, पण कुणाची?"

लॅपटॉपवर हेच फोटो उत्तम दिसतात. प्रिंट फोटोशॉप एलिमेंट्समधून देते. फार महागडी यंत्रं न घेता यात सुधारणा होईल का? की घरी हे असंच चालायचं म्हणून लॅबचा रस्ता धरावा?

तांबडा_रस्सा

चेहरे तांबूस म्हणजे पाहुणे आमच्या कोल्हापूरचे असणार. (दिवे घ्या.) जाणकार येईपर्यंत सतरंजी टाकून बसतो.

कॅमेराकाका

सांगलीत माझी कलर लॅब होती, आता बंद केली. अनघाताई, सरळ सांगतो, अल्बम करायचा असेल तर लॅबकडे द्या. मशीन दिवसभर चालू असतं, केमिकल रोज तपासलं जातं, आणि समोर बसलेल्या माणसाची नजर तयार असते. घरच्या प्रिंटरवर महिन्यातून चार प्रिंट काढायच्या आणि लॅबसारखा रंग मागायचा, हे जमत नाही.

आमच्या वेळी मिनीलॅबच्या मशीनवर डेन्सिटी (गडदपणा), सायन (हिरवट निळा), मॅजेंटा (गडद गुलाबी), यलो अशा कळा असायच्या. निगेटिव्ह बघायची, एक मॅजेंटा कमी, डेन्सिटी एक जास्त, की पुढची. लग्नाचा सीझन असला की रात्री दोन-दोन वाजेपर्यंत हेच. हळदीच्या फोटोत मशीन हटकून चुकायचं. फ्रेमभर पिवळं दिसलं की ते पिवळं काढायला बघायचं आणि नवरी निळसर पडायची. तिथे हातानेच सावरावं लागे.

मिहीर७९

काका, आताच्या लॅबमध्ये अशी नजर असलेला माणूस कुठे राहिलाय? आमच्या इथला मुलगा पेनड्राइव्ह घालतो, 'ऑटो' दाबतो आणि मोबाइल बघत बसतो. ऑटो करेक्शनने आमच्या सूर्यास्ताची दुपार केली होती.

निखिल_प्रीप्रेस

माझं पोटच या विषयावर चालतं (ऑफसेटचं प्रीप्रेस, म्हणजे छपाईआधीची फाइलींची तयारी, पुणे), त्यामुळे जरा लांबण लागेल.

अनघा, तुमच्या तीन तक्रारी म्हणजे तीन वेगळे आजार आहेत, एका औषधाने जाणार नाहीत.

पहिला, गडदपणा. यात बहुतेक वेळा प्रिंटरचा दोष नसतोच. स्क्रीन स्वतः उजेड फेकते. कागदाला स्वतःचा उजेड नाही, खोलीत असेल त्यातलाच तो परत देणार. प्रिंटसाठी फोटो तयार करताना स्क्रीनचा उजेड साधारण ८० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटर ठेवतात. कारखान्यातून आलेले मॉनिटर नि लॅपटॉप पूर्ण ब्राइटनेसला २५०-३०० च्या घरात सहज असतात. मग तुम्ही दुप्पट-तिप्पट उजेडात फोटो बघून 'झकास' म्हणता आणि कागद ते देऊ शकत नाही. यंत्र नसेल तर असं करा: दिवसा खिडकीजवळ बसा, ऊन थेट स्क्रीनवर नको. कोरी पांढरी फाइल पूर्ण स्क्रीनभर उघडा आणि शेजारी तोच फोटो पेपर कोरा धरा. स्क्रीन दिव्यासारखी न वाटता कागदासारखी वाटेपर्यंत ब्राइटनेस उतरवा. आता फोटो उघडलात की तो स्क्रीनवरही गडद दिसेल. तो खरा तेवढाच उजळ आहे. मग एडिट करा.

दुसरा, तांबूसपणा. यात मला डबल मॅनेजमेंटचा संशय आहे. कॅमेऱ्याचे रंग प्रिंटरच्या भाषेत एकदाच उतरवायचे असतात. ते काम एक तर एलिमेंट्सने करावं, नाही तर प्रिंटरच्या ड्रायव्हरने (प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने). दोघांनीही केलं की आधीच दुरुस्त केलेल्या रंगाची पुन्हा दुरुस्ती होते आणि बहुतेक वेळा सगळं गडद, मॅजेंटाकडे झुकलेलं येतं. एलिमेंट्सच्या प्रिंट खिडकीत 'मोअर ऑप्शन्स'मध्ये कलर मॅनेजमेंट आहे. तिथे काय निवडलंय ते सांगा. तसंच ड्रायव्हरमध्ये कलर करेक्शन चालू की बंद तेही.

तिसऱ्यावर, म्हणजे पैठणीवर, तुमचं उत्तर आल्यावर बोलू. तो सगळ्यात अवघड आहे.

सह्यभटक्या

वाचनखूण साठवली आहे. पांढऱ्या कागदाची युक्ती आत्ता करून बघितली. मी इतकी वर्षं टॉर्चकडे बघून फोटो एडिट करत होतो तर!

शंकासुर

हे कॅलिब्रेशन (यंत्राने मोजून स्क्रीनचे रंग जुळवणं), प्रोफाइल वगैरे म्हणजे निव्वळ विक्रीचा धंदा आहे असं माझं स्पष्ट मत. डोळा दर मिनिटाला जुळवून घेतो. पिवळ्या बल्बखाली पांढरा सदरा पांढराच दिसतो ना? फोटो अल्बममध्ये बघणारे काका-मामा शेजारी लॅपटॉप उघडून ताडून बघणार आहेत का? प्रिंट बरी दिसली की झालं.

निखिल_प्रीप्रेस

@शंकासुर, अर्धं पटलं. प्रिंट स्क्रीनशी तंतोतंत जुळवण्याचा हट्ट मीही धरत नाही, जुळू शकतही नाही. पण डोळा जुळवून घेतो हेच तर कॅलिब्रेशनचं कारण आहे. निळसर स्क्रीनसमोर दोन तास बसलात की ती तुम्हाला पांढरी वाटू लागते आणि तिच्या हिशेबाने तुम्ही फोटोत पिवळा ओतत जाता. डोळा विसरतो, मोजणारं यंत्र विसरत नाही.

मुक्ता_एनजे

शंकासुर, काका-मामांचं सोडा, आमच्याकडे सासूबाई प्रिंट साडीशेजारी धरून बघतात. :D

मी न्यू जर्सीत असते, छंद म्हणून मोठा प्रिंटर घेतला आहे (कॅनन प्रो-३००, नऊ रंग आणि वर एक पारदर्शक थर देणारी शाई, अशा दहा टाक्या). स्क्रीन मोजायला छोटा कलरिमीटर आहे. डेटाकलरचा स्पायडर किंवा कॅलिब्राइटचं कुठलंही साधं मॉडेल घरगुती कामाला पुरतं. स्क्रीनवर ठेवायचं, सॉफ्टवेअर रंग दाखवत जातं, यंत्र मोजतं, शेवटी प्रोफाइल तयार. वर्षातून दोनदा तर लागतं, त्यामुळे आम्ही चार मैत्रिणींनी मिळून एकच घेतलंय. तिकडेही फोटोग्राफी क्लबांतून असं करता येईल.

मात्र अनघाला मी आत्ताच यंत्र घे म्हणणार नाही. निखिलनी सांगितलेल्या दोन गोष्टींनीच निम्म्याहून जास्त काम होतं.

आणि हो, लॅपटॉपचा 'नाइट लाइट' बंद आहे ना? सूर्य मावळला की तो आपोआप स्क्रीन पिवळी करतो. ॲपलवाल्यांनी 'ट्रू टोन'ही बंद ठेवावा.

पैठणीप्रेमी

पैठणीचं नाव वाचून आत आले. आमचं येवल्यात साड्यांचं दुकान आहे, बरीच विक्री व्हॉट्सॲपवरून होते. 'फोटोत वेगळी, हातात वेगळी' हे आम्ही रोज ऐकतो. एकच फोटो दहा गिऱ्हाइकांच्या दहा फोनवर दहा रंगांचा दिसतो. फोनवाल्यांनी तर 'व्हिव्हिड' हाच मूळ मोड करून ठेवलाय, साधी अबोली त्यात राणी रंगाची दिसते.

अनघाताई, पैठणीचा आणखी एक घोळ आहे. चांगल्या पैठणीत ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या, म्हणूनच ती धूपछाँव दिसते. निळ्याला आडवा धागा लाल किंवा राणी असेल तर एका बाजूने साडी निळी, हलली की जांभळी. ते कॅमेऱ्यात कुठल्या कोनातून आलंय ते बघा. कदाचित प्रिंटर बिचारा खरंच बोलत असेल. पदराची जर तर कुठल्याच प्रिंटरला जमत नाही, शाईत धातू नसतो. पिवळा-तपकिरी रंग देऊन तो जरीचं सोंग आणतो, एवढंच.

तांबडा_रस्सा

आमच्या घरी रामा, मोरपंखी आणि चिंतामणी हे तीन वेगळे रंग आहेत असं सांगतात. मला तिन्ही एकच दिसतात. माझ्यासाठी कुठलं प्रोफाइल आहे का?

मुक्ता_एनजे

@तांबडा_रस्सा, आहे की. 'होय, छान दिसतेय' नावाचं.

अनघा_एम

हहपुवा (हसून हसून पुरेवाट)!

धन्यवाद सगळ्यांना. निखिल, बघितलं. एलिमेंट्समध्ये 'फोटोशॉप एलिमेंट्स मॅनेजेस कलर्स' आहे आणि त्याखाली प्रोफाइल प्रिंटर नि कागदाच्या नावाचं. ड्रायव्हरमध्ये कलर करेक्शन 'ऑटोमॅटिक'. म्हणजे दोन्हीकडे चालू!

पैठणीप्रेमी, साडी हातात घेऊन पाहिली, दोन्ही धागे निळेच आहेत. आईच्या लग्नानंतरची, एकरंगी.

निखिल_प्रीप्रेस

मग आजार सापडला. आता दोन वाटा आहेत, एकच धरा.

पहिली: एलिमेंट्समधलं तसंच राहू द्या, प्रोफाइल आहे ते बरोबर आहे. ड्रायव्हरमधली रंगदुरुस्ती बंद करा. एप्सन असेल तर कलर करेक्शन 'कस्टम' करून आत 'ऑफ' किंवा 'नो कलर ॲडजस्टमेंट' मिळेल. कॅनन असेल तर कलर/इंटेन्सिटीचं मॅन्युअल ॲडजस्टमेंट उघडून मॅचिंगमध्ये 'नन'. मात्र कागदाचा प्रकार ड्रायव्हरमध्ये बरोबर निवडायलाच हवा. त्यावरून शाई किती सोडायची ते ठरतं, रंग बंद केले तरी ते बंद होत नाही. ग्लॉसी घालून 'प्लेन पेपर' ठेवलंत तर कुठलंही प्रोफाइल वाचवणार नाही.

दुसरी: एलिमेंट्समध्ये 'प्रिंटर मॅनेजेस कलर्स' करा आणि ड्रायव्हरला त्याचं काम करू द्या. कागद-शाई दोन्ही कंपनीचीच असताना हा मार्गही वाईट नाही. प्रीप्रेसवाला असून सांगतोय, घरच्या प्रिंटरवर कौटुंबिक फोटोंना मी स्वतः पुष्कळदा हेच करतो.

जेन्टू_जोशी

विंडोज आणि पैसे देऊन घेतलेली सॉफ्टवेअर नको असणाऱ्यांसाठी: लिनक्सवर डार्कटेबल या फोटो एडिटरमध्ये प्रिंटचं स्वतंत्र मॉड्यूल आहे, प्रोफाइल तिथेच निवडता येतं. गिंप या दुसऱ्या एडिटरमध्ये फोटोची प्रत काढून ती प्रिंटरच्या प्रोफाइलमध्ये कन्व्हर्ट करायची आणि ड्रायव्हरचे रंग बंद ठेवून छापायची. कलरिमीटर जुना, कंपनीने वाऱ्यावर सोडलेला असला तरी अर्गिल नावाचं फुकट सॉफ्टवेअर अनेकदा त्याला चालवून घेतं.

शंकासुर

हे प्रोफाइल प्रोफाइल म्हणताय ते नेमकं काय असतं? गंभीरपणे विचारतोय.

निखिल_प्रीप्रेस

एक तक्ता. अमुक आकडे पाठवले की हा प्रिंटर, या शाईने, या कागदावर, प्रत्यक्षात कुठला रंग देतो याचा. शेकडो रंगांचे चौकोन छापून, वाळवून, मोजून तो बनवतात. त्यामुळे कागद बदलला की तक्ता बदलला. शाई बदलली तरी तेच. १९९३ साली ॲडोबी, ॲपल, कोडॅक, मायक्रोसॉफ्ट वगैरे आठ कंपन्यांनी मिळून आयसीसी ही संस्था काढली, ती या तक्त्यांची लिपी सगळीकडे एकच राहावी म्हणून. त्याआधी ज्याच्या-त्याच्या यंत्राची बोली वेगळी.

यावरूनच आठवलं. बाटल्यांमध्ये दुसऱ्या कंपनीची 'कंपॅटिबल' शाई भरणाऱ्यांनी मूळ प्रोफाइलकडून फार अपेक्षा ठेवू नये. ती शाई वाईटच असते असं नाही, पण तक्ता तिच्यासाठी बनलेला नाही.

सह्यभटक्या

माझा उलटा प्रश्न. कासला जातो दर सप्टेंबरात. सीतेच्या आसवांचे फोटो घेतो. डोळ्यांना जांभळी दिसतात, कॅमेऱ्यात निळी येतात, प्रिंटलाही निळीच. अनघाताईंची निळी साडी जांभळी होते, माझी जांभळी फुलं निळी. आम्ही प्रिंटर बदलून घ्यावेत का?

निखिल_प्रीप्रेस

तुमचा रंग कॅमेऱ्यातच सुटला, त्यांचा छापताना. जांभळा हा डिजिटल कॅमेऱ्यांचा जुना दुबळा विषय आहे. सेन्सरवरच्या लाल-हिरव्या-निळ्या गाळण्या आपल्या डोळ्यासारखा उजेड विभागत नाहीत, आणि जांभळ्यात तो फरक सगळ्यात जास्त जाणवतो. रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) घेत असाल तर एडिट करताना निळा-जांभळा ह्यू (रंगछटा) थोडा लालाकडे सरकवा, फूल डोळ्यासमोर होतं ते आठवून.

आता पैठणी. स्क्रीनवरचा झळझळीत रॉयल ब्लू शाईला मुळात झेपतच नाही. घरगुती प्रिंटरमध्ये सहसा निळी शाई नसते. सायन आणि मॅजेंटा मिळून निळा होतो. जो रंग आवाक्याबाहेर, त्याला आवाक्यातल्या जवळच्या रंगावर आणून बसवावं लागतं. हे गणित ज्या मोजपट्टीवर होतं तिच्यात निळ्या भागात वाक आहे. रंगाची झळाळी सरळ रेषेत कमी करत गेलं तरी तो वाटेत जांभळ्याकडे वळतो. चांगली प्रोफाइलं हा वाक सांभाळून घेतात, साधी नाहीत. एलिमेंट्समध्ये रेंडरिंग इंटेंट (आवाक्याबाहेरचे रंग कसे बसवायचे त्याची निवड) आहे, तिथे 'परसेप्चुअल' आणि 'रिलेटिव्ह कलरिमेट्रिक' दोन्ही एकेकदा करून बघा. तरीही जांभळी आली तर फोटोची प्रत काढून फक्त निळ्यांचा ह्यू किंचित सायनकडे न्या. स्क्रीनवर साडी थोडी समुद्री दिसेल, कागदावर निळी येईल.

कॅमेराकाका

फुलांची गंमत फिल्मवरही होती. मॉर्निंग ग्लोरीची निळी फुलं फिल्मवर गुलाबट यायची आणि गिऱ्हाईक आमच्याशी भांडायचं. ती फुलं अगदी टोकाचा लाल उजेडही परावर्तित करतात. आपल्या डोळ्याला तो दिसत नाही म्हटलं तरी चालेल, फिल्मला दिसायचा. गिऱ्हाइकाला हे कोण समजावणार? आम्ही आपलं मॅजेंटा कमी करून द्यायचो, मग मागची भिंत हिरवी व्हायची, मग भिंतीवरून भांडण.

वि_ना

या धाग्यावर एक ऐतिहासिक पिंक टाकतो. पहिला रंगीत फोटो म्हणून जो दाखवतात, भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने १८६१ साली लंडनमध्ये पडद्यावर उभा केलेला चौकड्याच्या फितीचा, त्यातही रंग प्रामाणिक नव्हते. लाल, हिरव्या आणि निळ्या गाळणीतून तीन चित्रं घेतली होती, पण त्या काळच्या रसायनाला लाल उजेड कळतच नव्हता. मग लाल उमटला कसा? शंभर वर्षांनी कोडॅकमधल्या संशोधकांनी छडा लावला: फितीचा लाल रंग अतिनील किरणंही परतवत होता आणि मॅक्सवेलची लाल गाळणी ती आत सोडत होती. म्हणजे लाल म्हणून जे दिसलं ते भलतंच काही होतं!

तांबडा_रस्सा

तात्पर्य, १८६१ पासून तक्रार चालू आहे, अनघाताई. रांगेत या.

रेवा_कुडाळ

कोकणातून एक भर. पावसाळ्यात फोटो पेपरचं पाकीट उघडं राहिलं की कागद वळतो, शाई हळू वाळते, रंगही बसके येतात. पाकीट झिपच्या पिशवीत, सिलिका जेलसकट ठेवायचं. आणि प्रिंटर महिना-महिना बंद ठेवला की नोझल (शाई सोडणारी छिद्रं) सुकतात. एक रंग जरी अर्धवट आला तरी सगळ्या फोटोचा तोल जातो आणि आपण प्रोफाइलला शिव्या घालत बसतो. रंग विचित्र वाटले की सगळ्यात आधी नोझल चेक. पट्ट्या तुटक आल्या तरच हेड क्लीनिंग. उगाच दर वेळी नको, त्यात शाई जाते आणि ती शोषणारा आतला पॅड लवकर भरतो.

निखिल_प्रीप्रेस

+१. हे मी पहिल्याच प्रतिसादात लिहायला हवं होतं.

मिहीर७९

बाजारातल्या स्वस्त कागदाचं काय? १८० जीएसएमचं पाकीट कंपनीच्या कागदाच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळतं. त्यावर लहान मुलांचे, सहलीचे फोटो छापतो. पण काही महिन्यांत फ्रिजवर लावलेले फोटो फिके पडले, लाल आधी गेला.

मुक्ता_एनजे

जाडीवरून दर्जा ठरवू नका, वरचा थर महत्त्वाचा. त्या सच्छिद्र थरावर डाय शाई (विरघळलेल्या रंगाची) झटकन वाळते, पण उघड्यावर ठेवली तर हवेतला ओझोनही तिला खातो, नुसतं ऊनच नाही. काचेमागे किंवा अल्बममध्ये तीच प्रिंट कितीतरी जास्त टिकते. आणि काही कागद निळसर पांढरेशुभ्र दिसतात ना, त्यांत अतिनील किरणांवर चमकणारं रसायन असतं. नीळ दिलेल्या धोतरासारखं. ते रसायन थकलं की कागद पिवळट दिसू लागतो.

शंकासुर

प्रिंट कुठल्या उजेडात बघायची हे कुणीच बोललं नाही. माझ्या मते खरा घोटाळा तिथे आहे. हॉलमध्ये एक रंग, गॅलरीत दुसरा.

निखिल_प्रीप्रेस

आता कसं बोललात! छपाईच्या धंद्यात ५००० केल्व्हिनचा ठरीव उजेड वापरतात, डी५० म्हणतात त्याला. घरात आपल्याकडे एक तर ६५०० केल्व्हिनची पांढरी एलईडी ट्यूब नाही तर ३००० चा पिवळा दिवा. शिवाय स्वस्त एलईडीत लाल उजेड कमी असतो, त्यामुळे चेहरे मेलेले दिसतात. दिव्याच्या खोक्यावर सीआरआय (दिव्यात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० च्या वर लिहिलेला एखादा दिवा टेबलासाठी घ्या, नाही तर सरळ दिवसा, सावलीतल्या खिडकीपाशी बघा. आणि प्रिंट बाहेर आल्या आल्या निकाल देऊ नका. डाय शाईचे रंग सुकता सुकता थोडे बदलतात, रात्रभर जाऊ द्या.

वसुधा_देवधर

मला चेहऱ्यांबद्दल बोलायचंय. लॅब असो, फोन असो की प्रिंटर, सगळ्यांना आपल्याला गोरं करायची घाई. माझ्या मुलीच्या बारशाच्या फोटोत आम्ही सगळे पिठात लोळल्यासारखे. मूळ फाइलमध्ये सगळे गव्हाळ, सावळे, व्यवस्थित आहेत.

कॅमेराकाका

वसुधाताई, यात आमच्या धंद्याचाही हात आहे. पूर्वी मशीन जुळवायला जो नमुना प्रिंट वापरत, त्यावर गोरी बाई असायची. कोडॅकच्या त्या कार्डांना जगभर 'शर्ली' म्हणत. तिचा चेहरा बरोबर आला की मशीन बरोबर! सावळ्या माणसाचं काय ते ऑपरेटरने बघायचं. आणि खरं सांगू का, गिऱ्हाईकही 'जरा उजळ द्या हो' म्हणूनच सांगून जायचं. विशेषतः पाहण्याच्या कार्यक्रमाला पाठवायचा फोटो असला की.

निखिल_प्रीप्रेस

प्रीप्रेसमधला आडाखा सांगतो. सीएमवायके (सायन, मॅजेंटा, यलो, काळा) आकड्यांत आपल्या त्वचेला यलो मॅजेंटापेक्षा थोडा जास्त हवा. मॅजेंटा वर गेला की माणूस तापलेला दिसतो. सायन वाढत जातो तशी त्वचा सावळी होत जाते, तो ओढून काढला की माणूस प्लास्टिकचा होतो. उजळपणा वाढवायला सायनला हात लावू नका.

अनघा_एम

मंडळी, अहवाल. ड्रायव्हरमधली दुरुस्ती बंद केली, स्क्रीनचा उजेड निम्म्याच्याही खाली आणला. तांबूसपणा गेला! चेहरे आता आमच्याच घरातले वाटतात. गडदपणाही बराच कमी झाला, फक्त ट्यूबच्या उजेडातले जुने फोटो अजून थोडे उचलावे लागताहेत. पैठणी रिलेटिव्हमध्ये जास्त चांगली आली, तरी जांभळी झाक आहे. निळ्याचा ह्यू सरकवते. पण प्रत्येक वेळी अख्खा ४ बाय ६ खर्च करायचा जिवावर येतं.

कॅमेराकाका

अख्खा कशाला? डार्करूममध्ये आम्ही टेस्ट स्ट्रिप काढायचो तसं करा. ४ बाय ६ च्या एकाच पानावर साडीचा आणि चेहऱ्याचा तुकडा सहा वेळा लावा, प्रत्येकात ह्यू किंवा उजेड थोडा थोडा वेगळा, खाली बारीक आकडा घाला. प्रिंट वाळली की आईंना साडी घेऊन खिडकीत बसवा आणि कुठला तुकडा तुमचा ते त्यांनाच विचारा. स्क्रीन बंद ठेवा तेव्हा. पहिल्या प्रतिसादात लॅबकडे जा म्हटलं होतं, पण तुम्ही एवढं करताय तर आता घरीच करा.

ब्लॅक अँड व्हाइट फोटोही असतील ना आजोबा-आजींचे? त्यातला एक आधी छापा. राखाडी रंगात हिरवी किंवा गुलाबी झाक आली तर रंगीत फोटोतही ती लपून बसली आहे असं समजा.

अनघा_एम

काका, हे अगदी करणार. सहा चौकोन आजच लावते. ब्लॅक अँड व्हाइट पुष्कळ आहेत, काही स्टुडिओत हाताने रंगवलेलेही. एकात आजीचे ओठ इतके लाल आहेत की आई म्हणते, तिने उभ्या आयुष्यात ओठांना काही लावलं नाही.

वि_ना

ते मात्र तसेच छापा. दुरुस्त करू नका.

कॅमेराकाका

अनुमोदन. आणि अल्बम घेताना चिकट पानांवर पारदर्शक कागद ओढायचा प्रकार घेऊ नका. तो गोंद पिवळा पडतो आणि नंतर फोटो सुटत नाहीत. साधी जाड पानं आणि कोपरे घ्या. इंकजेट प्रिंट निदान एक दिवस सुटी वाळवा आणि मगच पानावर लावा, नाही तर समोरचं पान चिकटेल.

नवा_गडी

छान धागा. मीही फोटो प्रिंटर घेणार आहे. कुणी सांगेल का, घरच्या प्रिंटरवर रंग स्क्रीनसारखेच येतात ना?

तांबडा_रस्सा

@नवा_गडी, सतरंजी इथेच आहे. बसा, वरून वाचत या. चहा सांगतो.